मार्थाबाईंचं पीक

"त्यागाची हौस तुमची आणि मिक्सर माझा, हा कुठला न्याय?" असं मी मार्थाबाईंना तोंडावर विचारलं होतं. त्या माझ्या दारात उभ्या होत्या. हातात ताटली आणि ताटलीत कोथिंबीर, मिरच्या, ओलं खोबरं. स्वतःचा चांगला चालता मिक्सर, मुलाने हौसेने आणलेला, त्या आदल्याच रविवारी चर्चमध्ये देऊन आल्या होत्या. माझ्या प्रश्नाने त्या जराही ओशाळल्या नाहीत. "अगं, त्या मिक्सरमध्ये माझा जीव अडकला होता," त्या म्हणाल्या. "तुझ्या मिक्सरमध्ये थोडाच अडकलाय? सरक बाजूला." आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून त्यांनी चटणी वाटली. त्या दिवशी वाटली ती वाटलीच, पुढे वर्षभर वाटत राहिल्या.

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर. माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा पहिला महिना मी नुसती रडत होते. वीस-पंचवीस मजल्यांच्या त्या टॉवर्समध्ये कोण कुणाचं? एकदा लिफ्टमध्ये मी माझ्या लेकीला, सईला, मराठीतून झापत होते. मागून आवाज आला, "हळू बाई, लिफ्ट थांबेल." वळून पाहिलं तर एक ठेंगणी, गव्हाळ बाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट. "सलाम," त्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या रीतीने म्हणाल्या. "मी मार्था हिवाळे. मूळची नगरची. चहा प्यायला ये, साखर घेऊन ये, माझी संपलीय." अशी आमची ओळख झाली.

लग्न होऊन त्या दिल्लीत आल्या होत्या. त्यांचे मिस्टर सरकारी कचेरीत होते. ते गेल्यावर मुलाने, आशिषने, गुरुग्राममध्ये हे घर घेतलं आणि मायलेक इथे राहायला आले. उभा जन्म दिल्लीत काढूनही बाईंचं हिंदी मात्र नगरच्या वेशीबाहेर गेलंच नव्हतं. "भैय्या, वो टाकी ओसंडके वाह रही है, तुम झोपा काढताय क्या?" असं त्या गार्डला ओरडून सांगत आणि गार्डला ते बरोब्बर कळे. आमचा गार्ड रामअवतार बिहारचा. त्याला मी एकदा विचारलं, तुम्हाला माताजींचं बोलणं समजतं का? तो म्हणाला, "डाँट तो हर भाषा में समझ आती है, मैडम."

त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायमचा होता. कुणी काही नवीन दाखवलं की त्या आधी मनापासून कौतुक करायच्या, हात लावून बघायच्या आणि मग विचारायच्या, "जीव अडकलाय का?" माझा नवा सोफा आला तेव्हा त्यावर दोनदा उठून-बसून झालं. "मस्त आहे गं. अडकलाय का जीव?" मला इतका राग आला! एवढे पैसे घालून सोफा घ्यायचा आणि त्यात जीव अडकवायचा नाही तर काय भाजीच्या पिशवीत अडकवायचा? मी पुण्याची बाई आहे. मला श्रीखंडाचे रिकामे डबेसुद्धा टाकवत नाहीत. आमची बाल्कनी बघून शिरीष म्हणतो की इथे अजून एक कुटुंब राहील. अशा बाईच्या समोरच्या दारात देवाने मार्थाबाई आणून ठेवल्या होत्या.

त्या मिक्सरचा उलगडा मला पुढच्या शरदात झाला. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये हंगामाचा सण असतो. पीक हाती आलं की त्यातलं पहिलं देवाला द्यायचं. कुणी ज्वारीची कणसं आणतं, कुणी भोपळा, कुणी काखेत कोंबडी घेऊन येतं. उपासना झाली की चर्चच्या आवारात सगळ्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातो. बाई सांगायच्या तेव्हा त्यांचे डोळे चमकायचे. "एक अंडं असायचं बघ. एकाने बोली लावून घ्यायचं आणि परत टेबलावर ठेवायचं. मग दुसऱ्याने घ्यायचं, त्यानेही परत ठेवायचं. शेवटी कुणीतरी ते फोडायचं आणि सगळे हसायचे. माझा बाप लिलाव पुकारायचा. काय आवाज होता!"

दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना महिन्यातून एकदा एका जुन्या चर्चमध्ये होते. हिंदीवाल्यांची आटोपली की यांची. तिथेही हंगामाचा सण करतात, पण शेत कुणाकडे आहे? लोक मॉलमधून सफरचंदं आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात. बाईंना ते पटत नसे. "हे काय आपलं पीक आहे का? हे दुकानाचं पीक," त्या म्हणायच्या. मग त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. वर्षभरात आपल्या घरात काय पिकलं? तर आपली माया. ती ज्या वस्तूवर जास्त दाटली असेल, ती वस्तू पीक कापावं तशी काढून देवाला द्यायची. सणाच्या आधीच्या आठवड्यात त्या घरभर हिंडायच्या, एकेका वस्तूला हात लावायच्या. आशिष चिडवायचा, "आई, माझ्यावरून हात फिरवू नकोस हां, मला लिलावात कुणी घेणार नाही."

पानिपतच्या सहलीची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. मराठी मंडळाची बस जानेवारीत काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, गेली होती. तिथे सगळे गंभीर झाले, घोषणा झाल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तिथून निघाल्यावर, आपल्या लोकांचं जसं असतं तसं, सगळी बस चादरी आणि ब्लँकेटांच्या दुकानांवर तुटून पडली. मार्थाबाईंनी एक ब्लँकेट घेतलं. किरमिजी रंगाचं, इतकं मऊ की मीही गाल लावून पाहिला. परतीच्या प्रवासात त्या ते पांघरून बसल्या होत्या. मुरथलच्या आसपास त्यांनी एकदम उसासा टाकला. "झालं. यंदाचं पीक ठरलं."

"अहो, आत्ताशी जानेवारी आहे," मी म्हटलं. "निदान वापरा तरी!"

"वापरणार ना. थंडीभर वापरणार. पण ठरलं."

आणि खरंच ऑक्टोबरमध्ये ते ब्लँकेट घडी घालून गेलं. पुढच्या डिसेंबरात दिल्लीची ती हाडं फोडणारी थंडी पडली आणि बाई शाल गुंडाळून कुडकुडत बसल्या. आशिष नवीन ब्लँकेट आणू म्हणाला तर नको. शेवटी मीच वैतागून घरातली जुनी गोधडी नेऊन दिली. ती त्यांनी आनंदाने घेतली. मी म्हटलं, "बाई, तुमच्या देवाला हे कळत नाही का, की तुम्ही त्याला ब्लँकेट देता आणि शेजारणीची गोधडी लाटता?" त्या खदाखदा हसल्या. "त्याला सगळं कळतं. म्हणून तर त्याने मला तुझ्यासमोर घर दिलं."

त्यांचं देवाशी असंच होतं. घरातल्या माणसाशी बोलावं तसं. एका वर्षी शिरीषच्या ऑफिसात माणसं कमी करत होते. घरात सुतकी चेहरे. बाई आल्या, गॅसवरचं दूध बंद केलं आणि तिथेच ओट्याला टेकून प्रार्थनेला लागल्या. मला वाटलं, आता काहीतरी जड जड शब्द येतील. कसलं काय! "बघ बाबा," त्या म्हणाल्या, "हा पोरगा सरळ आहे. याचे हप्ते चालू आहेत. हिला रात्रभर झोप नाही, डोळे बघ कसे सुजलेत. तुला दिसत नसेल तर चष्मा लाव. आणि लवकर कर, उशीर करायची तुझी सवय मला माहीत आहे." मी हिंदू बाई, माझ्या देवघरात गणपती. तरी मी हात जोडून उभी होते आणि हसू आवरत होते. शिरीषची नोकरी राहिली. बाईंनी त्याचं श्रेय वगैरे काही घेतलं नाही, फक्त पुढचे चार दिवस चहाला आल्या.

मग तो उन्हाळा आला, ज्याबद्दल आम्ही इथे कुणी फारसं बोलत नाही. सगळं शहर ऑक्सिजनसाठी धावत होतं. आशिषला ताप आला. दोन दिवसांत दम लागायला लागला. रुग्णवाहिका आली तेव्हा तो स्वतः चालत लिफ्टमध्ये शिरला आणि आईला म्हणाला, "खाली येऊ नकोस, दारातच थांब." बाई दारात थांबल्या. त्यानंतर त्यांना तो दिसला नाही. चेहरासुद्धा नाही. आम्हा शेजाऱ्यांना त्यांच्या जवळ जाता येत नव्हतं. मी माझ्या दारात आणि त्या त्यांच्या दारात, अशा आम्ही रडलो.

आशिषची काळी मोटरसायकल खाली बेसमेंटमध्ये तशीच उभी राहिली, आरशाला हेल्मेट अडकवलेली. दर उपासनेच्या रविवारी तो आईला त्या गाडीवरून दिल्लीला न्यायचा. कॅब परवडत नव्हती असं नाही. बाईंनाच गाडी आवडायची. एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर पर्स, पर्सवर भजनाचं पुस्तक आणि हायवेवर मोठ्याने भजन. आशिष म्हणायचा की सिग्नलला लोक काच खाली करून ऐकतात.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी रामअवतारने मला सांगितलं, माताजी रोज संध्याकाळी खाली येतात. मी जाऊन पाहिलं. बाई प्लास्टिकच्या स्टुलावर गाडीजवळ बसल्या होत्या. रामअवतारने किक मारली. बेसमेंटमध्ये आवाज घुमला. बाईंनी डोळे मिटले. आशिष संध्याकाळी याच वेळेला यायचा, रॅम्पवरून गाडी उतरल्याचा आवाज यायचा, आणि मग पाच-दहा मिनिटांत बेल वाजायची. बाई तो आवाज ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "इंजिन जाम होऊ नये म्हणून सुरू करते." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या मोडल्या नाहीत. म्हणजे वरून तरी नाही. साड्यांना इस्त्री होत होती, गार्डला ओरडणं चालू होतं, रविवारी आता कॅबने का होईना, त्या उपासनेला जात होत्या. पण हंगामाचा सण आला तेव्हा त्यांनी मॉलमधून सफरचंदांची पेटी आणली. पुढच्या वर्षी नवीन चादरींचा सेट, पॅकिंगसकट. मी मनातच म्हटलं, दुकानाचं पीक! आणि त्यांची प्रार्थना बदलली होती. सईच्या दहावीच्या परीक्षेआधी मीच त्यांना म्हटलं, बाई, पोरीसाठी एक प्रार्थना करा ना. त्यांनी केली. "हे परमदयाळू, सर्वसमर्थ परमेश्वरा, आम्ही तुझ्या चरणी येतो..." सुंदर शब्द, एकामागून एक, कुठे अडखळणं नाही. पण हा आवाजच त्यांचा नव्हता. सईलाही कळलं. ती मला नंतर म्हणाली, "मम्मा, आजी ना, जैसे अनाउन्समेंट करत होती."

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्या एकदा माझ्याकडे येऊन बसल्या आणि चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मंजू, यंदा गाडी देणार."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी भडकलेच. "अजिबात नाही! कोण मागतंय तुमच्याकडे गाडी? मिक्सर ठीक आहे, ब्लँकेट ठीक आहे. ही आशिषची गाडी आहे. असला कसला देव, जो आईकडून ही पण घेतो? एकदा घेतलंय ना त्याने, पोट भरलं नाही?"

बोलून गेल्यावर मी जीभ चावली. बाई चिडल्या नाहीत. "तो नाही गं मागत," त्या म्हणाल्या. "मीच सांगते तुला काय झालंय ते. आशिष गेल्यापासून माझी प्रार्थना झालेली नाही. ओठ हलतात, आत काही नाही. लोकांना वाटतं मार्थाबाई काय खंबीर, काय विश्वास. अगं, मी देवाशी बोलतच नाही. रोज संध्याकाळी मी जायला पाहिजे त्याच्याकडे, विचारायला पाहिजे का म्हणून, आणि मी जाते बेसमेंटमध्ये. दहा मिनिटं तो आवाज ऐकते आणि मनाला सांगते, आलाच, आता बेल वाजेल. बेल वाजत नाही. मग वर येते, जेवते, झोपते. दुसऱ्या दिवशी परत तेच. ते यंत्र आहे मंजू, पोरगा नाही. मी त्याच्याआड लपलेय."

"लपा की मग! कुणाचं काय जातं?"

"माझं जातं," त्या म्हणाल्या. "मिस्टर गेले, बाप गेला, तेव्हा मी देवाच्या अंगावर जाऊन भांडले आणि त्याच्याच गळ्यात पडले. आता ते पण नाही. आशिष पण गेला आणि तो पण गेला. दोघं नसताना कशी जगू?"

पण मी इतक्यात हार मानणारी नव्हे. त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना, मी फोन केला. ते मऊ स्वभावाचे गृहस्थ, त्यांनाही पटलं नव्हतं. त्यांनी बाईंना समजावलं, "बाई, देव असलं मागत नाही. मुलाची आठवण आहे, राहू द्या." बाई म्हणाल्या, "आठवण राहणारच आहे साहेब. गाडी घ्या." आणि वर तंबी दिली, की कुणी लिलावात गाडी घेऊन मला परत आणून दिली तर मी मंडळीत पाऊल टाकणार नाही. अंड्याचा खेळ गाडीशी खेळायचा नाही.

सणाच्या दिवशी गाडी शिरीषने चालवत नेली. मी बाईंना म्हटलं, शेवटचं एकदा मागे बसता का? "नाही," त्या म्हणाल्या, "बसले तर उतरायची नाही." मग त्या, मी आणि सई कॅबमध्ये. शिरीष पुढे. एक्सप्रेसवेवर बाईंचे डोळे त्या गाडीवरून हलले नाहीत. मध्ये एक ट्रक आला तर त्या पुढे झुकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैय्या, बाजूसे लो ना, दिखता नहीं." मी त्यांचा हात धरला.

चर्चमध्ये वेदीपुढे ऊस बांधले होते, केळी होत्या, भोपळे होते. उपासना झाली आणि सगळे आवारात आले. लिलाव पुकारायला एक जाडजूड, हसरे काका होते. भोपळ्यावर हशा, केकवर चढाओढ, कुणीतरी आणलेली एक जिवंत कोंबडी टेबलावरून उडाली त्यावर गोंधळ. मला वाटलं, बरं चाललंय, या गडबडीत उरकून जाईल. मग शिरीषने गाडी पुढे आणून स्टँडवर लावली आणि सगळं आवार एकदम गप्प झालं.

काकांनी घसा खाकरला. "मार्थाबाईंकडून," ते म्हणाले, "ही... गाडी." पुढे त्यांना काही पुकारता येईना.

कुणी बोली लावली नाही. त्या सगळ्यांनी आशिषला पाहिलेलं होतं, या गाडीवरून आईला आणताना पाहिलेलं होतं. परत द्यायची नाही असं बाईंनी बजावलं होतं, मग त्यांना वाचवायचा एकच मार्ग उरला होता, की घ्यायचीच नाही. कुणी तसं ठरवलं नसावं. पण एकेकाने मान खाली घातली. मीसुद्धा मनात म्हणत होते, बोलू नका, कुणीही बोलू नका, गाडी घरी जाऊ दे.

मी बाईंकडे पाहिलं आणि मला समजलं की आमचं काहीतरी भयंकर चुकतंय. त्या गाडीशेजारी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या आणि एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "घ्या की कुणीतरी," त्या म्हणाल्या. "माझं यंदाचं एवढंच पिकलंय. दुसरं काही नाही माझ्याकडे. तुम्ही पण नको म्हणालात तर मी हे घेऊन कुठं जाऊ?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मागच्या बाजूने एक आवाज आला. कँटोनमेंटमधला एक शिपाई होता, जालन्याकडचा, नुकताच बदली होऊन आलेला. योसेफ नाव त्याचं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने आपली परवडेल तेवढी बोली लावली, गाडीच्या मानाने अगदी किरकोळ. शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी त्याची बाही ओढली, दोघातिघांनी डोळे वटारले. बिचारा गोंधळला. "काय झालं? कमी बोललो का? बायको पहिलटकरीण आहे, दवाखाना लांब पडतो, म्हणून..."

"सोडा त्याला!" बाई एकदम म्हणाल्या. "बोलू द्या. काका, पुकारा."

काकांनी रडत रडत पुकारलं. एक वार, दोन वार, तीन वार. बाईंनी पर्समधून किल्ली काढून योसेफच्या हातात ठेवली आणि त्याला सगळं नीट समजावलं. थंडीत चोक ओढायचा. मागचा ब्रेक थोडा कडक आहे. बायकोला सध्या मागे बसवायचं नाही, दवाखान्यात रिक्षाने न्यायचं. हेल्मेटही दिलं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, गाडीसाठी एक प्रार्थना तुम्हीच करा." त्यांनी मान हलवली. "तुम्ही करा साहेब. मला जमायचं नाही." पाळकसाहेबांनी केली. मी बाईंकडेच बघत होते. त्यांचे डोळे उघडे होते.

योसेफची संध्याकाळपर्यंत ड्यूटी होती, म्हणून न जेवताच त्याने किक मारली. गाडी फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली आणि तो आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. बाई पाठ फिरवून उभ्या होत्या. मग त्या प्रीतिभोजनाच्या पंगतीत गेल्या आणि भाताचं पातेलं उचलून वाढायला लागल्या. मला वाटलं, फुकट गेलं सगळं. गाडीही गेली आणि हातात काही आलं नाही. त्यांच्या देवाचा मला इतका राग आला होता की मी पान तसंच सोडून उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने मी आणि सई दिवाळीसाठी पुण्याला गेलो. भाऊबीजेच्या दिवशी शिरीषचा फोन आला. मार्थाबाई झोपेतच गेल्या होत्या, सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून कळलं. मी धावत परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्याकडे त्यांची शेवटची अशी ती सणाची संध्याकाळच राहिली आहे.

कॅबने परत आलो तेव्हा अंधारून येत होतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, सई खाली मैत्रिणीशी बोलत थांबली होती आणि शिरीष वाटेत बाजारात उतरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता हलकं वाटतंय का?"

"हलकं? नाही गं," त्या म्हणाल्या. "रिकामं वाटतंय."

आमच्या मजल्यावर उतरल्यावर त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "सलाम, मंजू. नीट जा उद्या." त्यांचं दार बंद झालं. मी माझी किल्ली शोधत होते. पर्समध्ये ती कधी वेळेवर सापडली आहे? रोज याच वेळेला बाई खाली जायच्या. आता जाणार कुठे, असं माझ्या मनात आलं आणि तेवढ्यात आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी घाबरून त्यांच्या दाराशी गेले. बेलवर बोट ठेवलं. आणि त्यांचा आवाज ऐकू आला.

"का नेलंस रे? बोल ना! तोंड का शिवलंयस? चेहरा पण बघू दिला नाहीस मला. दारात उभी राहिले मी, दारात! तुझ्या आईला तरी क्रुसापाशी उभं राहून बघू दिलं होतंस. मला का नाही? सांग. आता मी कुठे जायची नाही, इथेच बसलेय. सांग मला."

मी बोट काढून घेतलं. आत बाई मोठमोठ्याने रडत होत्या, नगरच्या बाया मोकळ्या आवाजात रडतात तशा. आशिष गेला त्या दिवशीसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. मधेच खोकल्या, नाक शिंकरलं, परत भांडायला लागल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझेही डोळे वाहत होते. मग त्यांचा आवाज खाली आला. थकलेला, घोगरा, पण त्यांचा स्वतःचा, माझ्या ओट्याला टेकून बोलल्या होत्या तोच.

"बरं, माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "तो पोरगा आत्ता रस्त्यावर असेल बघ. नवीन आहे, दिल्लीची ट्रॅफिक त्याला माहीत नाही. त्याची बायको वाट बघत असेल. ऐकतोयस ना? त्याला तरी घरी पोचव."